बुबुळ बदललं म्हणजे नक्की काय बदललं?

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नोव्हेंबर २०२४ मध्ये झालं, तेव्हापासून घरचा फोन थांबलेला नाही. प्रत्येक फोनची सुरुवात एकच. "काय गं, वहिनींचा डोळा बदलला म्हणे?" कोल्हापूरच्या आत्याला तर कुणीतरी अख्खा डोळा काढून दुसरा बसवलाय असं सांगितलं होतं. तिचा पुढचा प्रश्न, "मग रंग जुळतो का गं दोन्ही डोळ्यांचा?" हसू नका, ऐकीव माहितीवरून हाच प्रश्न पडणार. पण तेच तेच पंधरा वेळा सांगून झालंय, तेव्हा म्हटलं एकदाच सगळं इथे लिहून टाकावं. नातेवाईकांनी वाचावं आणि पुढच्या नातेवाईकांना सांगावं. नेहमीच्या वाचक मंडळींनी या वेळी प्रवासवर्णनाऐवजी हे गोड मानून घ्यावं.

तर, अख्खा डोळा बदलत नाहीत. डोळ्यामागची नस मेंदूकडे जाते, ती एकदा कापली की पुन्हा जोडून दिसायला लावायची विद्या अजून कुणाकडे नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये एका माणसाला चेहऱ्याच्या काही भागाबरोबर अख्खा डोळा बसवला. तो डोळा जगला, त्यात रक्त खेळतं राहिलं, पण त्याने दिसलं मात्र नाही. नेत्रदानातून दुसऱ्याला बसवतात तो कॉर्निया. वर्तमानपत्रवाले त्याला बुबुळ म्हणतात (मीही वर म्हटलंय), पण बुबुळ म्हणजे खरं तर तो काळा-तपकिरी गोल. कॉर्निया ही त्याच्यावरची काच. मनगटी घड्याळाच्या काचेसारखी, किंचित फुगीर, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. तिला रंगच नाही. त्यामुळे आत्या, रंग जुळायचा प्रश्न मिटला.

ही काच जिवंत आहे, पण तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. असत्या तर आपल्याला सगळं लाल रेघांमधून दिसलं असतं. ती प्राणवायू घेते बाहेरच्या हवेतून, अश्रूंमार्फत. वर एक पातळ साल, ते खरचटलं तर भरून येतं. मध्ये जाड गर, नव्वद टक्के जाडी त्याचीच. आणि अगदी आतल्या बाजूला एक झिरझिरीत पडदा व त्यावर पेशींचा एकच थर. या शेवटच्या थराचं काम पंपाचं. डोळ्यातलं पाणी सतत काचेत झिरपत असतं आणि या पेशी ते सतत बाहेर फेकत असतात, म्हणून काच कोरडी आणि स्वच्छ राहते. आमच्या सोसायटीच्या तळघरासारखं समजा, पंप बंद पडला की चार तासांत घोटाभर पाणी. फरक एवढाच की या पेशी मेल्या तर नव्या तयार होत नाहीत. जन्माला येताना जेवढ्या आणल्या तेवढ्यांवर भागवायचं.

आईच्या पेशी लवकर संपत आल्या. आजाराचं नाव फुक्स डिस्ट्रॉफी. व्हिएन्नाच्या एर्न्स्ट फुक्स नावाच्या डॉक्टरांनी १९१० मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. याची खूण मजेशीर आहे. सकाळी दिसत नाही आणि दुपारी दिसतं! रात्रभर पापण्या मिटलेल्या, त्यामुळे काचेतलं पाणी उडून जायला वाव नाही. सकाळी चहाच्या वेळी आईला समोर बसलेले बाबा धुक्यात दिसायचे आणि अकरा-साडेअकराला धुकं विरायचं. बाबांना बरेच दिवस ही थट्टाच वाटत होती. मग डॉक्टरांनी कारण सांगितलं आणि एक उपायही सांगितला. सकाळी उठल्यावर हेअर ड्रायर हातभर लांब धरून त्याची हवा चेहऱ्यावरून जाऊ द्यायची. (हो, हेअर ड्रायर!) जन्मात कधी केसांना न लावलेलं यंत्र माझी अडुसष्ट वर्षांची आई रोज सकाळी देवपूजेआधी डोळ्यांसमोर धरून बसायची. वर्षभर त्यावर निभावलं. मग धुकं दुपारीही हटेना. वरच्या सालीखाली पाण्याचे बारीक फोड यायला लागले, ते फुटले की डोळ्यात काचेचा कण गेल्यासारखी कळ. डॉक्टर म्हणाले, आता बदलावं लागेल.

आई म्हणाली, नाही म्हणजे नाही.

याचं कारण आमचा धाकटा मामा. मामाचा आजार वेगळा, केरॅटोकोनस. त्यात काच मधेच पातळ होऊन शंकूसारखी पुढे येते. कॉलेजात असल्यापासून त्याचा चष्म्याचा नंबर दर सहा महिन्यांनी बदलायचा आणि त्याला एका चंद्राचे पाच-सहा चंद्र दिसायचे. १९८८ साली, सव्विसाव्या वर्षी, मुंबईला त्याच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हा दान मिळालेला डोळा बर्फावरच्या डबीत ठेवायचे आणि शक्यतो दुसऱ्या दिवसाच्या आत वापरायचे. सांगलीच्या माणसाला निरोप पोचून तो मुंबईला येईपर्यंत वेळ निघून जाणार. म्हणून मामा आणि सोबतीला आई दादरला एका नातेवाइकांकडे तीन आठवडे नुसते वाट बघत राहिले होते. मी तेव्हा पहिलीत होते. आई नसल्याचे ते तीन आठवडे मला आठवतात, पण कशासाठी नव्हती हे पुष्कळ नंतर कळलं.

मामाचं झालं ते जुनं, अस्सल ऑपरेशन. पेनिट्रेटिंग केरॅटोप्लास्टी असं भारदस्त नाव आहे, सगळे पीके म्हणतात. वाटीने पुरी कापावी तशी गोल पात्याने रुग्णाच्या काचेची मधली आरपार चकती कापून काढायची, दात्याच्या काचेची किंचित मोठी चकती तिथे ठेवायची आणि केसाहून बारीक धाग्याने शिवायची. चकती सात-आठ मिलिमीटरची. मामाला सोळा टाके होते. चकती काढल्यापासून नवी शिवेपर्यंत डोळा उघडाच, आणि तेवढ्या वेळात आत रक्तस्राव झाला तर डोळा जाऊ शकतो. ते नीट पार पडलं. खरा त्रास नंतरचा. तबल्याच्या वाद्या कमीजास्त ओढल्या की सूर जसा बिघडतो, तशी टाक्यांच्या ताणाने काच वाकडी होते. मग तपासून तपासून एकेक टाका काढायचा. मामाचे टाके काढायला दीड वर्ष लागलं. दर खेपेला मिरजेहून महालक्ष्मी पकडायची, सकाळी मुंबई, रात्री परत. १९९१ मध्ये त्याचा डोळा एकदम लाल झाला, उजेड सहन होईना, धूसर दिसायला लागलं. शरीराने परकी काच ओळखली होती. तासातासाला स्टेरॉइडचे थेंब घालून ती वाचली. आईने हे सगळं जवळून पाहिलेलं. तिच्या मते बुबुळ बदलणं म्हणजे दोन वर्षांचा वनवास, आणि सत्तरीला टेकताना तो नको होता.

तिला काय सांगायचं हे मलाच माहीत नव्हतं, म्हणून वाचायला लागले. तेव्हा कळलं, मामाचं ऑपरेशन मुळात ७ डिसेंबर १९०५ चं. म्हणजे त्या दिवशी मोरावियातल्या ओलोमोउत्स गावी एडुआर्ड त्सिर्म नावाच्या डॉक्टरांनी ते पहिल्यांदा यशस्वी केलं. रुग्ण आलोइस ग्लोगार, मजूर, चुना विझवताना दोन्ही डोळे भाजलेला. दाता अकरा वर्षांचा एक मुलगा, इजा झाल्यामुळे ज्याचा डोळा काढावाच लागला होता. ग्लोगारच्या एका डोळ्यातली काच खराब झाली, दुसरी स्वच्छ राहिली आणि तो परत कामाला लागला. (चुना वाचून चरकले. आपल्याकडे तंबाखूच्या चुन्याची पुडी खेळताना फुटून मुलांचे डोळे जातात, अजूनही. त्या भाजण्यात काचेच्या कडेच्या मूळपेशीही जातात, म्हणून नुसती काच बदलून भागत नाही. घरात चुना असेल तर तो उंच ठेवा, एवढंच सांगते.) मेलेल्या माणसाची काच वापरता येते हे १९३०च्या दशकात ओडेसाच्या फिलातोव्ह यांनी मोठ्या प्रमाणावर दाखवलं, आणि त्यानंतर नेत्रपेढ्या निघाल्या. न्यूयॉर्कला १९४४ मध्ये, आपल्याकडे मद्रासला १९४५ मध्ये. पण ऑपरेशनची कल्पना जवळजवळ शतकभर तीच राहिली, आरपार कापा आणि शिवा.

म्हणजे पंप बिघडला म्हणून अख्खं तळघर पाडून नवं बांधायचं. हे अति आहे असं वाटून ज्यांनी हात चालवले त्यांत नेदरलँड्सचे गेरित मेलेस हे मोठं नाव. १९९८ पासून त्यांनी फक्त आतला थर बदलायच्या रीती बसवल्या. त्यातून पुढे आलेलं आणि आज सगळीकडे होणारं ऑपरेशन म्हणजे डीसेक. त्यात दात्याच्या काचेचा मागचा पापुद्रा, थोडा गर धरून साधारण दहावा भाग मिलिमीटर जाडीचा, छोट्या कापातून आत सरकवतात. २००६ च्या सुमारास मेलेस यांनी गरही वगळला. नुसता तो झिरझिरीत पडदा आणि त्यावरच्या पेशी, मिलिमीटरचा जेमतेम शंभरावा-साठावा भाग. याला डीमेक म्हणतात.

मामासारख्यांसाठी वाट उलटी. त्यांचा पंप उत्तम असतो, बिघाड गरात. तेव्हा आतला पडदा त्यांचा त्यांनाच ठेवून वरचं सगळं बदलतात, त्याला डाल्क म्हणतात. मोहम्मद अन्वर यांनी २००२ मध्ये त्याची एक सुरेख युक्ती प्रसिद्ध केली. गरात हवा भरायची, मोठा बुडबुडा होऊन पडदा आपोआप सुटा होतो. या बुडबुड्यांकडे बारकाईने बघताना हरमिंदर दुआ यांना २०१३ मध्ये काचेत आणखी एक पातळ थर सापडल्याचं त्यांनी मांडलं. दुआ इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला असतात, पण डॉक्टर झाले आपल्या नागपुरात. तो स्वतंत्र थर म्हणावा का यावर बरीच वादावादी झाली, पण मला आपलं बरं वाटलं. असो.

आईला मी एवढंच सांगितलं, की दादरवालं ऑपरेशन तुझं नाहीच. टाक्यांचं चक्र नाही, दीड वर्ष नाही. आणि २०१२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातले आकडे वाचून दाखवले. दोन वर्षांत शरीराने परका भाग नाकारायला लागण्याची शक्यता पीकेमध्ये १८ टक्के, डीसेकमध्ये १२ आणि डीमेकमध्ये १. आईने आकडे ऐकले, बाबांकडे बघितलं आणि म्हणाली, "बाळूला हे का नाही केलं?" काय उत्तर देणार!

पुढचा पेच कुठलं करायचं हा. एक डॉक्टर डीसेक म्हणाले, दुसऱ्या डीमेक. दोघांचंही खरं होतं. डीसेकचा पापुद्रा जाड, हाताळायला बरा, चिकटून बसतो. डीमेकचा पडदा ओल्या टिश्यू पेपरहून नाजूक, काढताना फाटू शकतो आणि बसवल्यावर सुटू शकतो, पण जमला तर नजर लवकर आणि जास्त तेज येते. मला वाटतं अशा वेळी इंटरनेटवर पद्धतींची तुलना वाचण्यापेक्षा डॉक्टरांना सरळ विचारावं, तुमचा हात कशावर बसलाय. आम्ही विचारलं. दुसऱ्या बाई वर्षानुवर्षं डीमेकच जास्त करत होत्या. मोतीबिंदूही त्याच वेळी काढायचा ठरलं.

मग प्रतीक्षा यादी. आणि इथे आई पुन्हा अडली. रात्री जेवताना म्हणाली, "म्हणजे आता कुणीतरी जायची वाट बघत बसायचं का मी?" घरात कुणी काही बोललं नाही. पुढच्या भेटीत तिने डॉक्टरीणबाईंनाही हेच विचारलं. त्या म्हणाल्या, "काकू, माणसं तशीही जातातच हो. आम्ही वाट बघतो ती घरच्यांच्या होकाराची." त्यावर आई बराच वेळ गप्प होती. सही मात्र केली.

एका गुरुवारी संध्याकाळी फोन आला, ऑपरेशन शनिवारी. आता काच खास द्रावणात, फ्रिजमध्ये, काही द्रावणांत तर चौदा दिवसांपर्यंत टिकते. मधल्या वेळात पेशी मोजतात, दात्याच्या रक्ताच्या तपासण्या होतात. दाता कोण हे सांगत नाहीत. वय तेवढं कळलं, बहात्तर. आईला धक्काच बसला. "माझ्याहून म्हातारा डोळा मला?" डॉक्टरीणबाई हसल्या. तरुण माणसाचा हा पडदा फार घट्ट गुंडाळतो, आत उलगडता उलगडत नाही, म्हणून डीमेकसाठी वयस्क दाताच बरा. पेशींची मोजणी चांगली असली म्हणजे झालं.

हे मी मुद्दाम ठळकपणे लिहितेय, कारण आपल्या घरातल्या सगळ्या आज्या-आजोबांचं ठरलेलं वाक्य आहे, "आमच्या म्हाताऱ्या डोळ्यांचा कुणाला काय उपयोग!" आहे उपयोग. चष्मा असला, मोतीबिंदू झालेला असला, मधुमेह, रक्तदाब असला तरी चालतं. एड्स, कावीळ बी आणि सी, रेबीज, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असेल तर मात्र घेत नाहीत. आणि अर्ज भरून ठेवला की झालं असंही नाही. त्या वेळी घरच्यांनी फोन करावा लागतो, सहा तासांच्या आत, जितका लवकर तितकं चांगलं. तोवर पंखा बंद, पापण्या मिटलेल्या, त्यावर ओला कापूस आणि डोक्याखाली उशी. वीसेक मिनिटांचं काम, चेहरा विद्रूप होत नाही.

ऑपरेशन भूल देऊन, पण आई जागी. तासभर चाललं. आधी मोतीबिंदू. मग तिचा स्वतःचा खराब पडदा आतून सोलून काढला. दात्याचा पडदा निळ्या रंगात बुडवलेला (नाहीतर तो दिसतच नाही), त्याची आपोआप सुरळी होते. ती सुरळी काचेच्या नळीतून आत सोडली, आणि मग खरी कसरत. आत चिमटा घालून ओढायची सोय नाही, पेशी मरतात. डोळ्यावर बाहेरूनच टिचक्या मारत ती उलगडायची, आणि तीही सुलटी. उलटी लागली तर पंपाचं तोंड भलतीकडे. उलगडल्यावर तिच्याखाली हवेचा बुडबुडा सोडला, की तो तिला वर दाबून धरतो. कापाच्या जागी टाका एकच.

बुडबुडा वरच जाणार, म्हणून रुग्णाने तोंड छताकडे करून पडून राहायचं. दोन दिवस, उशी न घेता, जेवण आणि बाथरूम सोडून. आईसाठी ऑपरेशनपेक्षा हे अवघड गेलं. ती चहा नळीने प्यायली, रेडिओ ऐकला, पंख्यावरची धूळ बघून (दुसऱ्या डोळ्याने) मला दोनदा बोलली. "चाळीस वर्षं संसार केला, पण मला कुणी इतकं सक्तीने आडवं केलं नव्हतं," हे तिचंच वाक्य. सहाव्या दिवशी तपासणीत पडद्याची एक कड सुटलेली दिसली. माझ्या पोटात गोळा आला. पण डीमेकमध्ये हे होतं, डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पुन्हा हवा भरली, पुन्हा आडवं. या वेळी पंखा पुसून ठेवला होता.

त्यानंतर पडदा बसला. तीन आठवड्यांनी एका सकाळी साडेसहाला आई गॅलरीत उभी होती. समोरच्या गच्चीतल्या दोरीवर चिमटे किती हे ती मोजत होती. अकरा होते. बाबांनी आत जाऊन चष्मा आणला आणि तेही मोजायला लागले. सकाळचं आपल्याला काही दिसतं, हे ती किती दिवसांनी अनुभवत होती कोण जाणे. हेअर ड्रायर आता कपाटात आहे, पण दूर ठेवलेला नाही, कारण डाव्या डोळ्याचं व्हायचंय. स्टेरॉइडचे थेंब चालूच राहणार, त्याने डोळ्यातला दाब वाढतो म्हणून तोही तपासायचा. डोळा चोळायचा नाही. लाली, उजेडाचा त्रास, धूसरपणा, दुखणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना. मामाचं १९९१ आमच्या सगळ्यांच्या लक्षात आहे.

डाव्या डोळ्याची वेळ येईल तेव्हा कदाचित पडदाही लागणार नाही, असं मी तिला सांगत असते. क्योटोच्या शिगेरू किनोशिता यांच्या गटाने प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी अकरा रुग्णांच्या डोळ्यांत नुसत्या इंजेक्शनने सोडल्या, ते निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०२३ मध्ये जपानने त्या उपचाराला मान्यता दिली. एका दात्याच्या पेशी वाढवून अनेकांना पुरवता येतात. फक्त इंजेक्शननंतर तीन तास पालथं झोपायचं, म्हणजे पेशी खाली काचेवर बसतात. आई म्हणाली, पालथं चालेल, पंखा दिसायचा नाही.

मामा जानेवारीत बघायला आला होता. त्याची १९८८ ची काच अजून स्वच्छ आहे, पण आतल्या पेशी कमी होत चालल्यात, आणखी काही वर्षांनी ती धुरकट होईल. आता पुन्हा दादर, पुन्हा सोळा टाके, असं त्याने मनात धरलेलं होतं. आईबरोबर तोही तपासून आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जुनी चकती काढायची गरजच नाही, वेळ आली तर तिला आतून नवा पडदा लावता येतो. मामाने घरी येऊन हिशोब केला. कडेची काच त्याची, मधली १९८८ च्या माणसाची, आतला पडदा आणखी तिसऱ्याचा. "मूळ मालक एक आणि पोटभाडेकरू दोन," म्हणाला, आणि पुढच्या तपासणीची तारीख आईच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली. दोघांची एकाच दिवशी घेतली आहे.